वाफेची रेघ

घाटंजीच्या बाजूला आमचं गाव. लहानपणी वर्षाकाठी एखाद्या वेळी सरकारी माहितीपटांची गाडी यायची. शाळेच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणलं जायचं आणि यंत्राची खरखर सुरू झाली की अर्धं गाव चित्राकडे पाठ करून यंत्राकडेच बघत बसायचं. एकदा फीत तुटली. ऑपरेटरने चार-सहा चौकटी कातरून टाकल्या. त्यातला करंगळीएवढा रुंद तुकडा माझ्या हाती लागला. कंदिलासमोर धरला, तर एक बैल, खाली तोच बैल, त्याखालीही तोच. पाय तेवढे दर खेपेला जरासे पुढे. भूगोलाच्या पुस्तकात जपून ठेवलेला तो तुकडा पुढे कुठे गेला कोण जाणे.

अकबर पदमसींचा विषय निघाला की मला तो बैल आठवतो.

चित्रकार म्हणून त्यांचं नाव फार मोठं. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात लावलेल्या प्रेमी युगुलाच्या चित्रांवरून पोलीस आले, तरी त्यांनी चित्रं उतरवली नाहीत; खटला लढले आणि निर्दोष सुटले. १९६९मध्ये नेहरू फेलोशिप मिळाली. दुसरा कुणी त्या पैशांत निवांत चित्रं काढत बसला असता. यांनी मुंबईत कार्यशाळा थाटली, कॅमेरा आणला, चित्रकार आणि सिनेमावाले एका खोलीत बसवले. तरुण नलिनी मलानी तिथेच कॅमेऱ्याशी खेळल्या. मणी कौलांच्या ‘दुविधा’ या चित्रपटालाही पदमसींचा हात लागला.

त्यांच्या स्वतःच्या ‘सिझिजी’ या मूकपटात नुसत्या रेषा आणि बिंदू. माणूस नाही, गोष्ट नाही. शेकडो रेखाटनं, आणि ती हलती करायला राम मोहन यांच्यासारखा जाणकार. मला तो बघवला नाही, हे कबूल करतो; डोळे शिणले. पण दुसऱ्या दिवशी नांगरलेल्या वावरातली तासं बघताना त्या रेषा आपोआप चालू लागल्या.

दुसरा चित्रपट ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’. स्वतःचंच एक निसर्गचित्र त्यांनी प्रकाशात सोडवून बघितलं. त्याला संगीत गीता साराभाईंचं, इलेक्ट्रॉनिक. त्याची प्रत एकच होती, आणि ती दिल्लीच्या प्रदर्शनाला गेली ती हरवलीच. पुढे अशीम अहलुवालिया या दिग्दर्शकाने म्हाताऱ्या पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीतून तो पुन्हा उभा करू पाहिला. २०१६ साली आलेल्या त्या चित्रपटाचं नावही तेच. पण मूळ ते मूळच.

क्लाउड चेंबर हे पदार्थविज्ञानातलं उपकरण. वाफेने भरलेल्या बंद कोठीतून अदृश्य कण सुसाट जातो. कण दिसत नाही. त्याने वाफेत ओढलेली रेघ दिसते, आणि तीही लगेच विरते. असं नाव ठेवल्यावर प्रत हरवणारच होती की काय, असा वेडा विचार मनात येतो.

सत्तरच्या दशकात पदमसी ‘मेटास्केप’ नावाची निसर्गचित्रं रंगवू लागले. करपलेली, चिरफाळलेली जमीन आणि तिच्यावर एकाच चौकटीत सूर्यही, चंद्रही. ‘शाकुंतला’च्या नांदीत कालिदासाने या दोघांना काळाचे कर्ते म्हटलंय, पदमसींनी ते तिथून उचललं. त्यातल्या एका चित्राची छापील प्रत मी गावातल्या म्हाताऱ्याला दाखवली. “हे तं आपलं वैशाखातलं वावर हाय,” तो म्हणाला. “पण उलंगवाडी झाल्यावरचं.” कापूस वेचून संपला, गुरं मोकळी सोडली, काळीला भेगा पडल्या, की असंच दिसतं ते.

६ जानेवारी २०२० रोजी कोइम्बतूरला पदमसी गेले. वय ९१. बातमी मला दुसऱ्या दिवशी कळली, द्वादशीला. वेचणीच्या बाया गाठोडी बांधून धुऱ्याने परतत होत्या. पश्चिमेला सूर्य पऱ्हाटीत टेकला होता, आणि पूर्वेला चंद्र केव्हाचाच वर आलेला होता.