पाच व्होल्ट जागचे हलता कामा नयेत

चि. बाळास,


तुझा नवा मीटर एकच कॉइल एकदा १ मायक्रोहेन्री दाखवतो आणि थोड्या वेळाने १.१६, हे वाचलं. कॉइलवर ठपका ठेवण्याआधी ७८०५ या पाच व्होल्टच्या रेग्युलेटरकडे बघ. असे मीटर बांधणारे ऑसिलेटरबद्दल पानंच्या पानं लिहितात आणि रेग्युलेटरला एका ओळीत उरकतात. हा अन्याय आहे.

मुळात हा मीटर इंडक्टन्स मोजतच नाही. तो वारंवारता मोजतो. अमेरिकेतल्या नील हेक्ट यांच्या एएडीई मीटरमुळे हौशी मंडळींत रुळलेल्या या पद्धतीत एक ओळखीची कॉइल आणि एक कपॅसिटर यांची जोडी असते. एलएम३११ हा कंपॅरेटर त्या जोडीतलं आंदोलन विझू देत नाही. ८२ मायक्रोहेन्री आणि १००० पिकोफॅराड घेतले, तर गणिताने वारंवारता येते सुमारे ५५६ किलोहर्ट्झ. मोजायची कॉइल सिरीजमध्ये जोडली की ती उतरते: १० मायक्रोहेन्रीला ५२५, ८२ला ३९३. किती उतरली, त्यावरून मायक्रोकंट्रोलर आकडा काढतो.

मेख पुढे आहे. ३११ला पालटायला सुमारे २०० नॅनोसेकंद लागतात आणि इथलं एक आवर्तन असतं जेमतेम १८०० नॅनोसेकंदांचं. ही दिरंगाई पुरवठ्याच्या व्होल्टेजबरोबर बदलते, आणि वारंवारता किंचित सरकते. समज, हजारात एक भाग उतरली. एवढ्याशा घसरणीचा अर्थ मीटर लावतो ०.१६ मायक्रोहेन्री! १००च्या कॉइलला ते जाणवणारही नाही. तुझ्या १च्या कॉइलचं माप मात्र सोळा टक्के चुकलं.

म्हणून ७८०५ नेमके ५.०० व्होल्ट देतो का, याला फारसं महत्त्व नाही. डेटाशीटच त्याला ४.८ ते ५.२ची मुभा देते. मीटर झिरो केल्यापासून कॉइल मोजून होईपर्यंत तो स्थिर राहिला म्हणजे झालं. त्यासाठी इनपुटला साधारण ७ व्होल्ट तरी हवेत. ९ व्होल्टची बॅटरी डिस्प्लेच्या बॅकलाइटने दमून त्याखाली गेली, की रेग्युलेटरचे ५ व्होल्टही तिच्यामागोमाग उतरू लागतात. डिस्प्ले तरीही स्वच्छ दिसत राहतो, त्यामुळे संशय येत नाही. शिवाय ३११च्या पायांलगत ०.१ मायक्रोफॅराडचा सिरॅमिक कपॅसिटर हवाच. नाहीतर डिजिटल भागातला गोंगाट ऑसिलेटरमध्ये शिरतो.

कॅलिब्रेशनच्या १००० पिकोफॅराडच्या कपॅसिटरवर पैसे वाचवू नकोस. रिलेने तो जोडूनच मीटर स्वतःच्या जोडीतला इंडक्टन्स (एल) आणि कपॅसिटन्स (सी) ठरवतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत एक टक्क्याचा सिल्व्हर मायका मिळाला तर तोच घे.

आणि ट्यूबलाइटचा जुना चोक या मीटरला लावू नये. १ हेन्रीला वारंवारता ५ किलोहर्ट्झपर्यंत खाली येते खरी, पण चोकचं लोखंड ५० हर्ट्झसाठी घडवलेलं असतं. इथे ते वेगळंच वागतं.

मीटर चालू ठेवून ७८०५च्या इनपुटचे व्होल्ट मोज आणि लगेच कळव.

तुझा,
मामा