२८ दिवस

माझा भाचा इंदूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत सहा वर्षे होता. बांधकामाचे साहित्य तपासण्याचे तिचे काम. काँक्रीटचे ठोकळे ज्या हौदात भिजतात त्या पाण्यात सिमेंटचा क्षार उतरतो. हातमोजे फाटले की नवे मिळायला महिना लागे, तोवर बोटांना भेगा.

ठोकळा १५ सेंटिमीटरचा, वजन आठेक किलो. २४ तासांनी साचा काढायचा, ठोकळा पाण्यात ठेवायचा आणि २८व्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचा. एम-२० प्रतीचे काँक्रीट असेल तर ठोकळ्याने सुमारे ४६ टनांचा भार सोसावा ही अपेक्षा. हौदाचे पाणी मात्र २७ अंशांच्या दोन अंश इकडेतिकडेच हवे. माळव्याच्या मे महिन्यात हे साधायचे कसे? कूलर होता, पण तो व्यवस्थापकांच्या खोलीत!

हे व्यवस्थापक म्हणजे ठेकेदारांकडून कामे आणणारे गृहस्थ, आणि अहवालावर सही करणारेही तेच. व्यापारी दडपणाने प्रयोगशाळेचा निःपक्षपातीपणा ढळू नये, असे आयएसओ १७०२५ हे मानक स्पष्ट सांगते. ते भिंतीवर चौकटीत लावलेले होते म्हणे.

२०२२च्या उन्हाळ्यात एका ठेकेदाराचे बिल अडले. ठोकळे जेमतेम नऊ दिवसांचे. "भिया, पास तो होना ही है, लिख दो," असे भाच्याला सांगण्यात आले. यातली गोम अशी की ते पास झालेही असते बहुधा. सात दिवसांत काँक्रीटला साधारण दोन-तृतीयांश बळ येते, पुढचा अंदाज कुणीही बांधील. भाच्याने लिहिले नाही. त्याला कुणी काढले नाही. फक्त भर उन्हात साइटवरून ठोकळे उचलून आणायचे काम त्याच्याकडे आले आणि पगारवाढ थांबली.

"मामा, तुमच्याकडे असं होतं का?" त्याने फोनवर विचारले.

होते. 'सर, पोरगा पास तर होणारच आहे' म्हणणारे पालक दर मार्चमध्ये माझ्यासमोर बसतात. मग मी त्याला डेव्हिड कर्कॉल्डीची गोष्ट सांगितली. लंडनच्या साउथवर्कमध्ये त्याने १८७४ साली चाचणीगृह उघडले आणि दारावर 'मते नव्हेत, तथ्ये' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले.

भाचा हसला. "मामा, त्या साहेबाचं यंत्र स्वतःचं होतं."

यावर मला उत्तर सुचले नाही. आता तो दुसरीकडे आहे, पगार कमी. तिथे नोंद एक जण करतो, ती दुसरा तपासतो आणि कामे आणणारा माणूस हौदाकडे फिरकत नाही. यंदा आमच्या शाळेच्या दोन खोल्यांचा स्लॅब झाला. ठेकेदाराने अहवाल पुढे केला, तेव्हा आकडे बाजूला ठेवून मी आधी ठोकळे ओतल्याची तारीख शोधली.