जुडग्याचा माग

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून पडणाऱ्या पाण्याखाली ओंजळ धरून उभे राहिले, म्हणजे ज्या नद्यांची नावे येथे एका श्वासात घेतली जातात त्या पुढे किती निरनिराळ्या वाटांनी जातात, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. वेण्णा डोंगर उतरून साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत मिळते. कोयना दक्षिणेकडे लांबचा प्रवास करून कऱ्हाडला तिला भेटते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून कोकणात जाते आणि बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते, तिची व कृष्णेची पुन्हा गाठ म्हणून पडत नाही. माणसाच्या हातून निसटणाऱ्या वस्तूंचेही मला असेच वाटत आले आहे. काही फिरून भेटतात, काही कायमच्या जातात, आणि कोणती कुठल्या वाटेने जाईल हे आजवर केवळ दैवाच्या स्वाधीन होते.

हे सर्व मनात येण्याचे कारण म्हणजे हे गाव वस्तू हरवण्यासाठीच वसवल्यासारखे आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1828 च्या सुमारास येथे हवापालटाच्या ठाण्याचा पाया घातला, तेव्हापासून या माल्कमपेठेत जो येतो तो चार दिवसांचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतो, आणि एका जागी न बसता ते पॉइंटापॉइंटावर फिरवतो. वेण्णा तलावाच्या नावेत पिशवी राहते, घोड्यावरून उतरताना खिशातले पाकीट पडते, ऑर्थर सीटच्या कठड्यावर ठेवलेली थैली माकड उचलून दरीच्या अंगाला घेऊन जाते, आणि भाड्याची गाडी बाजारात सोडून दिल्यावर मागच्या बाजूला राहिलेल्या बॅगेची आठवण होते तेव्हा ती गाडी पसरणीचा घाट उतरून वाईला पोहोचलेली असते. पुन्हा हा प्रवासी येथे दोन दिवसांचा पाहुणा. त्याला ना गाडीवाल्याचे नाव ठाऊक, ना घोडेवाल्याचे घर.

अशा वेळी किल्ल्यांना किंवा सामानाला अडकवण्याचा तो छोटा वाटोळा बिल्ला कामी येतो, ज्याचा एअरटॅग या नावाचा प्रकार एप्रिल 2021 मध्ये बाजारात आला आणि ज्याचे जिओटॅगसारखे स्वस्त देशी भाऊबंद पुढे आपल्याकडे मिळू लागले. एअरटॅगचा व्यास सुमारे 32 मिलिमीटर, वजन अवघे 11 ग्रॅम. पोटात मनगटी घड्याळात असतो तशा जातीचा एक चपटा सेल, जो साधारण वर्षभर पुरतो. पुष्कळांची अशी समजूत असते की हा बिल्ला आकाशातल्या उपग्रहांशी बोलून आपला ठावठिकाणा स्वतः शोधतो. वस्तुतः तसे काही नाही. आपण कुठे आहोत हे त्या बिल्ल्याला मुळीच ठाऊक नसते. तो फक्त ब्लूटूथच्या क्षीण लहरींनी, काही पावलांच्या टापूत, ‘मी आहे’ एवढेच पुकारत राहतो. शेजारून जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या मोबाइलला ती पुकार ऐकू येते, तो मोबाइल स्वतःच्या जागेची नोंद तिला जोडतो, आणि सांकेतिक लिपीत मोहोरबंद केलेला तो लखोटा पुढे रवाना करतो, जो मालकावाचून दुसऱ्या कुणालाही, खुद्द तो पोहोचवणाऱ्यालाही, फोडता येत नाही. ज्याच्या खिशातल्या यंत्राने हे काम केले त्याला आपण कुणाच्या उपयोगी पडलो याचा पत्ताच नसतो. मला या व्यवस्थेत जे विलोभनीय वाटते ते हेच. हरवलेली वस्तू शोधून देते ती वाटेने जाणाऱ्या अपरिचितांची रहदारी. बिल्ला तिच्यापुढे नुसती याचना करतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या आत्याचा जुडगा मुंबई पॉइंटच्या वाटेवर पडला. जुडगा म्हणजे दोन-चार किल्ल्यांचा संसार नव्हे. त्यात कपाटाची होती, देवघरातल्या चांदीच्या भांड्यांच्या पेटीची होती, आणि वाईच्या वाड्याच्या दिंडीची वीतभर लोखंडी किल्ली होती, जिचे दाते तीन पिढ्यांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झाले आहेत व जिची नक्कल करून देणारा कारागीर आता मिळत नाही. सूर्यास्त पाहून लोक परतत होते. आत्याने कमरेशी हात नेला आणि जागीच बसकण मारली. तिच्या नातवाने दिवाळीत त्या कडीत असा बिल्ला अडकवून दिला होता. त्याने मोबाइल उघडला, तेव्हा काही वेळापूर्वीची, कुणा परक्या मोबाइलने पाठवलेली नोंद दिसली: डांबरी रस्ता सोडून रानातून येणाऱ्या तांबड्या मातीच्या पायवाटेवर. आम्ही माघारी फिरलो. जांभळीच्या आणि हिरड्याच्या खाली पाचोळ्याचा घोटाभर थर, वर अंधारून आलेले, आणि मोबाइलने जेवढ्या जवळ आणायचे तेवढ्या जवळ आणून सोडलेले. मग बिल्ल्याला आवाज करायला लावला; पण वारा पानांतून सळसळत होता आणि मागून येणाऱ्या घोड्याच्या गळ्यातल्या घुंगरांत ती बारीक किणकिण बुडून जात होती. घोडेवाला पोर पंधरा-सोळा वर्षांचा असेल. काय चालले आहे हे त्याला न सांगताच उमगले. त्याने लगाम ओढला, खाली उतरून घोड्याच्या गळ्यातली घुंगरांची माळ दोन्ही मुठींत घट्ट दाबून धरली आणि मान वाकडी करून कान दिला. आत्या पाचोळ्यात वाकू लागली, तसा तो म्हणाला, “आजी, तुम्ही नका वाकू. मी बघतो की.” घोडा नातवाच्या हाती देऊन तो एका जांभळीच्या मुळाशी गेला आणि पानांच्या थरात कोपरापर्यंत हात घालून त्याने जुडगा वर काढला. आत्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पैसे त्याने पुष्कळ आग्रहानंतर घेतले.

तोच जुडगा जुलैत पडला असता तर? येथे वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक सगळा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. धुके दारातून घरात शिरते, पॉइंटांच्या वाटांवर दिवसदिवस माणूस फिरकत नाही, आणि कोयनेच्या खोऱ्याकडच्या उतारांवर कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. बिल्ला तेव्हाही इमानाने पुकारत राहील. ऐकणारा मात्र कुणी नसेल. मे महिन्यातल्या ज्या गर्दीला आपण सारे नावे ठेवतो, जिच्यामुळे बाजारपेठेत पाऊल ठेवायला जागा उरत नाही, तीच गर्दी या शोधाचे सारे बळ आहे, हे ध्यानात आल्यापासून माझे त्या गर्दीविषयीचे मत पुष्कळ निवळले आहे.

दूरदेशीच्या प्रवासात तर या बिल्ल्याने मोठाच दिलासा दिला आहे. अमेरिकेहून पुण्यामुंबईस येणाऱ्या मुलांच्या बॅगा मधल्याच विमानतळावर राहिल्या, तर त्या कुठे आहेत हे आता घरच्यांना आधी कळते आणि कंपनीच्या दप्तराला मागाहून. 2024 च्या अखेरीपासून तर ही जागा विमान कंपनीला परस्पर दाखवण्याची सोयही झाली आहे.

तथापि जे साधन किल्लीचा माग काढते ते माणसाचाही काढू शकते, आणि एखाद्या बाईच्या पर्समध्ये किंवा गाडीत असा बिल्ला दडवून तिच्या पाळतीवर राहण्याचे प्रकार परदेशांत न्यायालयापर्यंत गेले आहेत. ॲपल आणि गूगल या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मे 2024 मध्ये एकत्र येऊन, कुणाचा तरी अनोळखी बिल्ला आपल्यासोबत फिरत असल्यास दोन्ही प्रकारच्या मोबाइलांवर सूचना मिळावी अशी तजवीज केली, ती फार आवश्यक होती. अशी सूचना आली तर ती क्षुल्लक समजून बाजूला सारू नये, आणि संशयाला जागा असेल तर सरळ पोलीस ठाणे गाठावे, असे मी माझ्या घरातल्या मुलींना बजावून ठेवले आहे.

परंतु वस्तू कुठे आहे हे कळणे आणि ती परत मिळणे यांच्यामध्ये अखेर एक माणूस उभा असतो, आणि त्या माणसाचा विचार आपल्या कायद्याने फार पूर्वी व फार समंजसपणे करून ठेवलेला आहे. जून 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील 403 व्या कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले होते की, मालकाला परत देण्यासाठी वा जपण्यासाठी कुणी बेवारस वस्तू उचलली तर तो गुन्हा नव्हे. पण मालक ठाऊक असताना, किंवा त्याला शोधून काढण्याचा मार्ग हाताशी असताना, ती आपलीच म्हणून वापरली तर तो गुन्हा होय. 1872 च्या करार कायद्याचे 71 वे कलम त्याहून पुढे जाते: सापडलेली वस्तू ज्याने आपल्या ताब्यात घेतली, त्याच्यावर कुणी विश्वासाने स्वाधीन केलेली ठेव सांभाळणाऱ्याएवढीच जबाबदारी येते. आजवर सापडलेल्या जुडग्याबाबत ‘मालकाचा पत्ता कसा लावणार?’ हा प्रश्न प्रामाणिक माणसालाही खरोखरच अडवीत असे. किल्लीवर नाव नसते आणि पंचनाम्याच्या भानगडीत पडायला कुणाला आवडत नाही. त्या बिल्ल्याने हा प्रश्न बव्हंशी मिटवला आहे, आणि माझ्या मते चोराला पकडण्यापेक्षा सज्जनाला सज्जनपणा सोपा करून देणे, हीच त्याची मोठी कामगिरी आहे.

म्हणून महाबळेश्वरला येणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. आपल्या जुडग्याला बिल्ला असेल तर निघण्यापूर्वी त्यातला सेल तपासून घ्या, आणि वस्तू हरवताच मोबाइलवर ती हरवल्याची नोंद करून आपला दूरध्वनी क्रमांक तेथे लिहा. रानातल्या वाटेवर कुणाचा जुडगा तुमच्या नजरेस पडला तर त्याला ओलांडून पुढे जाऊ नका. उचला आणि तो वाटोळा बिल्ला आपल्या मोबाइलच्या पाठीला टेकवा. मालकाने क्रमांक लिहून ठेवला असेल तर तो तत्क्षणी पडद्यावर येतो. न आला, किंवा तेथे रेंज नसली, तर जवळच्या चहाच्या टपरीवर अगर पोलीस ठाण्यात जुडगा सुपूर्द करा. शोधणारा माणूस तेथवर पोहोचण्याची शक्यता आता पूर्वीपेक्षा पुष्कळच अधिक आहे.