दोषाचे वाचन

मारुती ८००चे उत्पादन २०१४ साली थांबले. आमची १९९८ची, कार्ब्युरेटरवाली गाडी मात्र अजून रस्त्यावर आहे. गेल्या पावसाळ्यात तिचे दिवे रात्री ऐन घाटात मंदावू लागले. एका दुकानाने न तपासताच बॅटरी बदलली; दुसऱ्याने अल्टरनेटर बदला, नाहीतर गाडीच विका, असे सांगितले. या गाडीला स्कॅनर जोडण्याची सोय नाही. दोष माणसालाच वाचावा लागतो.

तिसऱ्या दुकानातील वायरमनने आधी विचारले, ‘दिवे केव्हा मंदावतात?’ मग इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला. चौदा व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर निर्दोष. नंतर दिवे लावून बॅटरीचे ऋण टोक आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर धरला. तेथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते. दिसले दीड व्होल्ट. अर्थिंगच्या तारेचा जोड गंजला होता. तो घासून तार नव्याने आवळताच दिवे पूर्ववत झाले.

पाठचिकित्सेत शब्द दुर्बोध वाटला म्हणून लगेच बदलत नाहीत. आधी पोथ्या ताडून पाहतात. जुन्या गाडीसाठी दुकान निवडताना आम्ही आता एवढेच पाहतो : कारागिराच्या हातात आधी मीटर येतो की पाना?