चित्राभोवतीची मोकळी जागा

फ्रेममध्ये चित्राच्या चारी बाजूंना जाड पुठ्ठ्याची रुंद पट्टी तुम्ही पाहिली असेल. तिला माउंट म्हणतात. ती नुसती शोभेची, असं पुष्कळांना वाटतं. पण तिचं मोठं काम म्हणजे चित्र आणि काच यांच्यात फट ठेवणं!

आमच्या कसबा बावड्यात ही फट फार मोलाची. पंचगंगा जवळच. पावसाळ्यात राजाराम बंधारा पाण्याखाली जातो आणि घरातल्या भिंतीही ओल धरतात. अशा हवेत काचेला टेकलेलं चित्र तिलाच डकतं, बुरशीही धरते.

कोल्हापुरात राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. सिनेमातले हे नामवंत नट पावडर शेडिंगची चित्रंही काढत. त्यात कोरड्या भुकटीनं छायाप्रकाश दाखवतात. असल्या चित्राला काच टेकली, तर भुकटी काचेलाच लागणार की!

आमच्याकडे काकांनी जलरंगात काढलेलं बंधाऱ्याचं एकच चित्र उरलंय. काका आता नाहीत. ते चित्र घेऊन आई नि मी फ्रेमवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, "वहिनी, खालनं दोन बोटं कापूया. तयार फ्रेममध्ये मस्त बसतंय. पैसेही कमी!"

"भाऊजींची सही आहे तिथं," आई म्हणाली. "चित्राला फ्रेम बेता मामा, फ्रेमला चित्र नको."

मग मोठी फ्रेम ठरली. गर्द निळा माउंट ठेवून पाहिला, तर नदी फिकी दिसली. हस्तिदंती रंगाचा ठेवला आणि पाणी उजळलं! खालची पट्टी किंचित रुंद ठेवली. चारी सारख्या असल्या, की चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. पुठ्ठा आम्लरहित घेतला, कारण साध्या पुठ्ठ्यातल्या आम्लानं कागद पिवळा पडतो. चित्र पाठीमागून पूर्ण चिकटवलं नाही. वरच्या कडेला गव्हाच्या खळीनं दोनच कागदी पट्ट्या लावल्या. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. त्याला हलायला जागा नको का?

तुम्हीही एक गंमत करा. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे काटकोनी 'एल'सारखे दोन तुकडे कापा. ते आपल्या चित्रावर समोरासमोर ठेवून चौकट लहानमोठी करून पाहा. काय ठेवायचं नि काय झाकायचं, ते चित्राला कात्री न लावताच कळेल.