मुकी चित्रे

आपण हाक मारावी आणि समोरच्याने ओ देऊ नये, तर मन कसे बेचैन होते! समोर माणूस असला, तर त्याला ऐकू आले नसेल अशी आपण समजूत घालतो. परंतु समोर संगणक असला, त्याच्या पडद्यावरील चित्रावर आपण पुन्हा पुन्हा टिचकी मारीत असलो आणि ते ढिम्म हलत नसले, म्हणजे काय करावे हे भल्याभल्यांना सुचत नाही. मला तर मुळीच सुचले नव्हते.

गडचिरोली जिल्ह्यातील एका लहानशा गावी मी शिक्षक होतो, तेव्हाची ही हकीकत. गावाला चहूबाजूंनी जंगलाचा वेढा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला होता. आपल्याही गावाने तसा दावा करावा, असे आमच्या ग्रामसभेने ठरविले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत एक मोठी शहाणपणाची तरतूद आहे. गावातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती लिहून घेतली, तर तीही पुरावा म्हणून धरली जाते. मोहाची झाडे कोठे, गुरांचे पाणी कोठे, देवाची जागा कोणती, कोणत्या ओढ्याला काय म्हणतात, हे सारे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होते. ते लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले.

चार वृद्धांचे जबाब मी वहीत उतरविले आणि मग सावकाश शाळेच्या संगणकावर टंकू लागलो. चौघांपैकी एक बाबाजी ऐंशीच्या घरातले. ते बोलू लागले, की सारा डोंगर डोळ्यांपुढे उभा राही. पुढे श्रावणात ते वारले. त्याच पावसात शाळेचे छप्पर गळाले आणि माझ्या वहीची पाने भिजून एकमेकांना चिकटली. आता जे काही उरले होते, ते त्या संगणकात होते.

एका संध्याकाळी मी शेवटचा मजकूर टंकीत असताना वादळ झाले आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजींची नात, आमच्या सातवीतली विद्यार्थिनी, यंत्र सुरू करून बसली होती. मला पाहताच ती म्हणाली, "गुरुजी, हे उघडून नाही राहिलं जी!"

मी पडद्याकडे पाहिले. तेथे तीन चमत्कारिक चित्रे होती. पहिले अगदी फिकट, जणू धुक्यातले. त्याच्या नावाच्या आरंभी एक नागमोडी रेघ व डॉलरचे चिन्ह, आणि पुढे 'येष्ठांचे जबाब' अशी अक्षरे. 'ज्येष्ठांचे' या शब्दातला अर्धा 'ज' कोणी खाल्ला होता कोण जाणे! दुसऱ्या चित्राखाली 'नकाशा' असे नाव होते आणि त्याच्या कोपऱ्यात लहानसा बाण. तिसरे नुसते कोऱ्या पांढऱ्या कागदासारखे, आणि त्याचे नाव लांबल्यामुळे अर्धेच दिसत होते. पहिली दोन काही केल्या उघडेनात. तिसरे मला निव्वळ केर वाटले. उघडूनही न पाहता मी ते पुसून टाकले. आपण काहीतरी केले, याचे मला बरेही वाटले.

मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले, विषाणू शिरला. तालुक्याच्या गावच्या दुरुस्तीवाल्याने तर सारे पुसून यंत्र नव्याने भरण्याचा सल्ला दिला. पोरीचा चेहरा पडला. "बाबाजींचं बोलणंही जाईल का जी?" असे तिने विचारले, तेव्हा मला तिच्याकडे पाहवेना.

शाळेमागच्या टेकाडावर चढले, की फोन लागत असे. तेथून मी चंद्रपूरला शिकणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठले. सारे ऐकून तो म्हणाला, "गुरुजी, पुसू काहीच नका. आधी त्या फिकट फाइलीचं वजन पाहा."

वजन निघाले जेमतेम १६२ बाइट. चार म्हाताऱ्यांचे जबाब एवढ्याशा जागेत मावतील कसे? तेव्हा त्याने मला उलगडून सांगितले. आपण मजकूर उघडला, की ती प्रणाली त्याच्या शेजारीच एक छोटी फाइल ठेवते आणि तिच्यात कोणी उघडला त्याचे नाव लिहिते. मजकूर बंद केला, की ती आपोआप नाहीशी होते. मूळ नावातील पहिल्या दोन खुणा काढून तिचे नाव बनते, म्हणून तो अर्धा 'ज' गळाला होता. एरवी ती लपलेली असते. पण लपलेल्या फायली दाखविण्याची सोय मीच कधीतरी चालू करून ठेवली होती. वीज एकाएकी गेल्यामुळे तिला आवरायला कोणी उरले नाही. ताडोब्याच्या वाटेवर धुळीत वाघाचा पंजा उमटावा, तशी ती होती. पंजाला हाका मारून वाघ थोडाच येतो!

बाणाच्या चित्राचे कोडे लवकर सुटले. तो नकाशा त्या चित्रात नव्हताच. बाण केवळ वाट दाखवीत होता. ती वाट पेन ड्राइव्हकडे जात होती, आणि पेन ड्राइव्ह ग्रामसभेच्या अध्यक्षांच्या घरी होता. तो आणून जोडताच नकाशा उघडला.

१९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा त्याच्या पडद्यावर कागदांची, कप्प्यांची, टपालाच्या टोपल्यांची चित्रे मांडली होती. लिहिण्याच्या मेजासारखे ते दिसावे, ही त्यामागची कल्पना. कल्पना सुरेखच, पण चित्र पाहता पाहता, तेच कागद आहे असे आपण मानू लागतो.

"गुरुजी," तो पुढे म्हणाला, "ही छोटी फाइल मूळ मजकुराच्या शेजारीच असते. म्हणजे मजकूर तुमच्या पडद्यावरच असला पाहिजे. तिथे आणखी काही होतं का?"

माझ्या छातीत धस्स झाले. पांढरा कागद! फायलींवर कोणते चित्र काढायचे, याची संगणक एक साठवण ठेवतो. वीज अचानक गेली, की कधी कधी ती बिघडते आणि धडधाकट फाइलसुद्धा कोरी दिसू लागते. उघडणारे होते ते मी केर म्हणून टाकले होते, आणि न उघडणाऱ्याला उराशी धरून बसलो होतो.

टेकडी मी कशी उतरलो, ते मला आठवत नाही. संगणकाच्या कचरापेटीत ती फाइल होती. परत आणली, उघडली. तिघांचे जबाब पुरते होते. चौथा, बाबाजींचा, शेवटच्या काही ओळींवाचून; त्या जतन करण्याआधीच वीज गेली होती. दोन ओढ्यांची नावे त्यात होती आणि मला ती आठवेनात.

नात पडद्याकडे वाकून वाचीत होती. "एकाचं नाव मला ठाऊक आहे," ती म्हणाली, "दुसऱ्याचं आजीला विचारावं लागेल."

आम्ही यंत्र नीट बंद केले आणि तिच्या घराकडे निघालो.