आधी खालचा दोरा

लाँगआर्म मशीनवर गोधडी शिवताना खरं काम डोळ्यांआड चाललेलं असतं. साध्या शिलाई मशीनवर कापड आपण सरकवतो. ते हातात असतं, वाटलं की उलटून बघता येतं. इथे कापड फ्रेमच्या रुळांवर ताणून बसवलेलं असतं आणि मशीनचं डोकंच दोन मुठींनी धरून कापडावरून फिरवायचं असतं. गोधडीची पाठ जमिनीकडे. वरची टीप सरळ, देखणी दिसत असली तरी खाली काय झालंय हे फ्रेमखाली वाकून, मोबाईलचा टॉर्च मारूनच कळतं.

माझं मशीन वसई पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात आहे. एवढी लांब फ्रेम घरात मावण्यातली नव्हती. आजूबाजूला प्लॅस्टिकचं, पत्र्याचं, रेडिमेड कपड्यांचं काम चालतं आणि त्या आवाजात मी लोकांच्या आयांच्या साड्या शिवते. विरार-नालासोपाऱ्याच्या सोसायट्यांमधून लोक येतात, तसे निर्मळ, आगाशी, नंदाखालकडूनही येतात. तिकडच्या पिशव्यांमध्ये आजीचं लाल चौकड्यांचं लुगडं हमखास असतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. त्याच पिशवीत नायलॉनची साडी असते, एखादी कडक खळीची सुती, आणि तळाशी लग्नातली जरीकाठी. या सगळ्यांची मिळून एकच गोधडी हवी असते. दोऱ्याच्या ओढीचा, म्हणजे टेन्शनचा, प्रश्न तिथेच सुरू होतो.

मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. १८३० साली फ्रान्समध्ये तिमोनिए यांनी पेटंट घेतलेलं मशीन एकाच दोऱ्याची साखळी घालायचं. १८४६ साली अमेरिकेत एलायस हाव यांनी दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट घेतलं, आणि आज घरोघरचं पायमशीन काय किंवा माझं लाँगआर्म काय, सगळी त्याच टाक्यावर चालतात. सुई वरचा दोरा खाली नेते, शटल त्याचा फास पकडून बॉबिनच्या, म्हणजे खालच्या, दोऱ्याभोवती फिरवतं, आणि वरचा दांडा तो फास ओढून घेतो. दोन्हीकडची ओढ सारखी असली तर दोऱ्यांची आढी थरांच्या मधोमध बसते आणि दोन्ही बाजूंनी दिसत नाही. वरची ओढ जास्त झाली की खालच्या दोऱ्याचे ठिपके वर येतात. खालची जास्त झाली की वरचा दोरा पाठीवर उतरतो.

कापसाच्या जाड रजईत ही आढी दडायला भरपूर जागा असते. थोडं कमी-जास्त झालं तरी पोटात जातं. आपल्या गोधडीत कापूस नसतो. साड्यांचे चार-पाच थर, तेही झिजलेले. आढी लपायला जागा किती, तर नखाच्या जाडीइतकीसुद्धा नाही. म्हणून रजईला चालणारं टेन्शन गोधडीला चालत नाही, आणि ज्यांनी फक्त रजया शिवल्या आहेत त्यांचे आकडे मला कधी उपयोगी पडले नाहीत. वर आणि खाली एकाच रंगाचा, एकाच जाडीचा दोरा घ्यायचा हा माझा नियम आहे. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी वर लाल आणि खाली पांढरा मी लावत नाही.

नालासोपाऱ्याहून एक मेकॅनिक येतात. आयुष्यभर गारमेंटची मशीनं दुरुस्त केलेला माणूस. ते पहिल्या भेटीतच म्हणाले, "ताई, टीप बिघडली की हात वरच्या चकतीकडे जातो. जाऊ द्यायचा नाही. आधी खालचा दोरा." कारण साधं आहे. वरची टेन्शनची चकती फिरवली की ओढ लगेच बदलते, म्हणून ती फिरवण्याचा मोह होतो. खालची ओढ चुकलेली असेल, तर तिच्याशी जुळवता जुळवता वरचा दोरा इतका घट्ट होतो की तुटायलाच लागतो. खालची ओढ तपासायला बॉबिन केस तळहातावर ठेवायची, दोऱ्याचं टोक धरून वर उचलायचं. केस तळहातावर उभी राहिली पाहिजे, पण हात सोडून अधांतरी उचलली जाता कामा नये. पडूनच राहिली तर दोरा सैल, लटकली तर घट्ट. केसवरचा बारीक स्क्रू उजवीकडे आवळतो, डावीकडे सैल होतो. पण फिरवायचा तो पाव फेरीहूनही कमी, नुसता जाणवेल इतका.

स्क्रू फिरवण्याआधीही बघायचं असतं. केसवरच्या पत्तीखाली कापसाचं एवढंसं भुसकट अडकलं तरी पत्ती नीट दाबत नाही, आणि टेन्शन आपोआप सैल पडतं. जुन्या सुती साड्यांतून असं भुसकट सतत झडतं. जाड कागदाचा कोपरा पत्तीखालून फिरवला की ते निघतं. बॉबिन भरतानाही दोरा एकसारखा बसला पाहिजे. मऊ, ढिली भरलेली बॉबिन अर्ध्यात ओढ बदलते. वरचा दोरा दोन चकत्यांच्या मध्ये खोल बसलाय का, हे दोन्ही हातांनी मागे-पुढे ओढून बघायचं. पाठीवर जाळंच्या जाळं जमतं ते बहुतेक वेळा दोरा चकत्यांत बसलेलाच नसतो म्हणून, आणि लोक मात्र बॉबिनला दोष देतात.

पावसाळ्यात वसईत आणखी एक गोष्ट होते. चार महिने हवा ओली. सुती दोरा ओल धरतो, फुगतो, चकत्यांतून जड सरकतो. पॉलिएस्टरला तेवढा फरक पडत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर मी तोच वापरते, तोही बंद डब्यात ठेवून. समुद्र जवळ असल्याने सुया लवकर गंजतात. गंजाचा डाग डोळ्यांना दिसण्याआधी दोऱ्याला कळतो, तो तिथे घासून तुटतो. तुटला की लोक टेन्शन सैल करतात, खरं तर सुई बदलायची असते. चार थरांच्या मऊ साड्यांना मी १६ नंबरची सुई लावते, थर वाढले तरच १८. जाड सुईचं भोक झिरझिरीत लुगड्यात मोठं राहतं आणि आढी त्यातून सहज वर येते.

सरळ रेषेत जमलेलं टेन्शन गोलाईवर मोडतं, हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. वळणावर हात सुईपेक्षा पुढे पळाला की सुई किंचित वाकते, फास पूर्ण ओढला जात नाही, आणि पाठीवर बारीक आडवे धागे उभे राहतात. तिथे स्क्रूला हात लावून काही होत नाही. हात सावकाश करायचा. फ्रेमवर कापड टणक ताणणंही सोडायचं. खालून बोट वर दाबलं तर वरच्या हाताच्या चिमटीत त्याचं टोक धरता यावं इतकी ढील हवी.

प्रत्येक गोधडीसाठी मी त्याच साड्यांच्या कडेच्या पट्ट्या, तितकेच थर करून, फ्रेमच्या टोकाला लावते. त्यावर सरळ टीप, गोल टीप, कोपरा मारते आणि मग पट्टी कापून उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघते. पाठीवरून बोट फिरवते. डोळ्याला न दिसणारी आढी बोटाला लागते. पट्टीवर सुईचा नंबर आणि दोरा लिहून ठेवते. नायलॉनच्या थराची पट्टी सुती थराच्या पट्टीशी कधीच जुळत नाही. नायलॉन घसरतं, दोऱ्याला अडवत नाही, म्हणून ते मी मधल्या थरात घालते आणि वर-खाली सुती ठेवते. त्या एका बदलाने चकतीची निम्मी खटपट वाचते.

जरीचा काठ मात्र मी मशीनखाली घेत नाही. धातूची तार दोऱ्याला कापते, सुई तिच्यावरून घसरते, आणि त्यासाठी सैल केलेलं टेन्शन बाजूच्या लुगड्याला पुरत नाही. बायका म्हणतात, "अहो ताई, तेवढा काठ दिसला पाहिजे हो, आईच्या लग्नातला आहे." तो दिसतोच. मशीन काठाच्या अलीकडे थांबवते, गोधडी फ्रेमवरून उतरवते, आणि काठ धावदोऱ्याने हाताने शिवते. तिथे दोरा एकच असतो, आणि त्याची ओढ अंगठ्याला कळते.